बटणाएवढी जिलेबी

अंबिकाचं डोकं सकाळपासून तापलं होतं. जिलेबी काही केल्या जमत नव्हती. खायची नव्हे, पॉलिमर क्लेची. ही क्ले म्हणजे रंगीत, मऊ मातीच म्हणा ना. हातानं आकार द्यायचा, ओव्हनमध्ये भाजून कडक करायचा, वर कडी लावली की किल्लीला अडकवायला बारकासा केक तयार. तिचे केक झाले होते, डोनट झाले होते, पेढेही झाले होते. पण कलबुर्गीची दुकानवाली दीपमाला फोनवर म्हणाली होती, "केक तर सगळेच करायलेत गं. आपल्याकडची जिलेबी करून आण, मग तुझा माल दुकानात ठेवते."

आणि ही मेली जिलेबी! एक करपली. एकीचे वेढेच सुटले. तिसरी भाजायला ठेवली, तर नवऱ्यानं, शिवराजनं, फोन चार्जिंगला लावायला ओव्हनची पिन उपटली. वर म्हणतो कसा, "मातीच हाय की, परत मळ." अंबिकानं त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा न पिताच आपल्या दुकानाला पळाला.

चौथी मात्र जमली. बटणाएवढी, वार्निशनं अशी चकचकीत की आत्ताच पाकातून काढलीय. चिमूटभर क्ले उरली होती, तीही संपली. अंबिकानं ती जिलेबी क्लेच्या पेढ्यांबरोबर बशीत घालून स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर वाळत ठेवली आणि साडी बदलायला गेली. दुपारच्या बसनं कलबुर्गीला निघायचं होतं.

गाणगापुरात दुपारी दत्तमहाराज कुणाच्या ना कुणाच्या रूपात भिक्षेला येतात. म्हणून यात्रेकरू झोळी घेऊन पाच घरं मागतात आणि गावातलं कुठलंच घर त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. त्या दिवशीही दारात हाक आली. अंबिका साडीच्या निऱ्या खोचत बाहेर आली, तर बशी रिकामी.

"आत्या, बशीतलं कुठाय?"

"दिलं की झोळीत," तिच्या सासूबाई, चंद्रभागाबाई, तणतणल्या. "सकाळपासून त्या भाजायच्या डब्यापुढं बसलीस, एक भाकर थापली न्हाईस. मग काय देऊ, डोंबल? आन् इतकी बारकी जिलेबी कामून केलीस गं? भिक्षेला असं नखाएवढं देत्यात व्हय? लाज काढलीस माझी!"

"आत्या, ती मातीची हाय!"

"काय बी बोलू नगंस. डोळ्यात मोतीबिंदू झालाय, अक्कल गेली न्हाई माझी."

अंबिका अनवाणीच पळाली. कुणी दात पाडून घेतला, कुणाच्या घशात अडकली तर? देवळाजवळच्या कट्ट्यावर एक म्हातारी झोळी सोडून बसली होती, आणि जिलेबी तिच्या ओठांशी पोचली होती.

"थांबा आजी! खाऊ नका, मातीची हाय ती!"

म्हातारीनं तिला नखशिखांत न्याहाळलं. "भिक्षा घालून परत मागायला आलीस व्हय गं?"

बाजूची माणसं वळून बघायला लागली. "अहो खरंच मातीची हाय," अंबिका कळवळून म्हणाली. म्हातारी मूठ उघडेना. "दत्तानं दिलंय. नातवंडांना नेते मी, ती खातील."

नातवंडं खातील! आता दुसरा इलाजच नव्हता. अंबिकानं म्हातारीच्या मुठीतून जिलेबी ओढून काढली, कट्ट्यावर ठेवली आणि वरून दगड घातला. कडकन तुकडे झाले. ना पाक, ना तूप. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला आणि मुकाट्यानं पेढे परत केले.

तेवढ्यात बसही गेली. घरी येऊन अंबिकानं तुकडे सासूच्या हातावर आपटले. "बघा! सकाळपासून हिच्यामागं मरायलीय मी. आता काय दाखवू त्या बाईला?" आणि तिला रडूच फुटलं.

चंद्रभागाबाईंनी तुकडा डोळ्याजवळ नेला, नखानं खरवडला, वास घेतला.

"खरीच वाटली गं मला," म्हणाल्या. "लाव फोन तिला. सांग, माझ्या सासूनं खरी समजून भिक्षेत घातली म्हणून."

अंबिकानं डोळे पुसले, रागारागानंच फोन लावला. पलीकडं घंटी वाजायला लागली, तशी सासू पिठाचा डबा उघडत पुटपुटली, "पण बारकी होती म्हणून सांगू नगंस बाई. गाव हसंल."