एकतीस बियांचे चित्र

सन १८१६, चिनी पंचांगातील नववा महिना, तिसरा दिवस, सकाळचे सात. कॅन्टनच्या नदीकाठी एका चित्रशाळेत लांब टेबलावर बारा कागद वाळत होते. त्यांतला चौथा मी. मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. चहाच्या लागवडीपासून जहाजावर पेट्या चढेपर्यंतचा प्रवास आम्ही बाराजण मिळून सांगत होतो.

मला एका हाताने घडवले नाही. एकाने कागदाला तुरटीचे पाणी पाजले, दुसऱ्याने जुन्या नमुन्यावरून रेषा उतरवल्या, तिसऱ्याने चेहरे रंगवले. झाडे ताम काकांची. चाळीस वर्षे ते केवळ झाडेच रंगवत आले. मात्र चहाचा डोंगर त्यांनी कधी पाहिला नव्हता. अलीकडे त्यांची नजरही मंदावली होती. आणखी एक कागद वाया गेला, तर त्यांची बैठक दुसऱ्याला देऊ, असे चित्रशाळेचे मालक उस्ताद क्वोक यांनी बजावले होते.

त्या सकाळी कारागिरांसाठी पेज घेऊन लाउ आजी आल्या. तरुणपणापासून तीस वर्षे त्यांनी डोंगरात चहा खुडला होता. माझ्यापाशी त्या थबकल्या आणि हसू लागल्या.

"ताम, ह्या बाया कोवळी पानं खुडतायत ना? मग झुडपांवर फुलं कशी? खुडणी वसंतात, फुलं शरदात. तुझ्या डोंगरावर दोन ऋतू एकदम आले वाटतं."

"अंगणातल्या कुंडीतलं चहाचं झुडूप आत्ता फुललंय, आजी. ते बघूनच काढलं," काका पुटपुटले.

"कुंडीला खुडणीचं काय ठाऊक?"

उस्तादांनी मला उचलले. "खोटं चित्र मी त्या परदेशी जहाजाच्या कप्तानाला देणार नाही. दुपारी त्याची माणसं येतील. फुलांचा पांढरा रंग खरवडला तर कागद फाटेल. ताम काका, कुंचले आवरा."

आजींचे हसू मावळले. पेजेचे भांडे खाली ठेवून त्यांनी माझ्यातल्या टोपल्यांवर बोट ठेवले.

"क्वोक, जरा दम धर. झुडूप फुलतं तेव्हाच मागल्या वर्षीच्या फुलांच्या बिया पिकतात. पुढच्या लागवडीसाठी त्याही आम्हीच वेचायचो. टोपल्यांत पानांच्या जागी बिया काढा. चित्र खरं होईल."

"आणि खुडणीचं?"

"पाचवं चित्र खुडणीचंच आहे की. एकच गोष्ट दोनदा कशाला सांगतोस?"

उस्तादांनी मला पुन्हा टेबलावर ठेवले. काका टोपल्यांतल्या पानांवर बिया रंगवू लागले, आजी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "रंग तपकिरी घे. एवढी गोल नको. एका बाजूनं चपटी. बी आहे ती, मोती नव्हे."

लागवड बियांपासूनच सुरू होते, म्हणून दुपारी मी चौथ्या क्रमांकावरून पहिल्यावर गेलो. काकांची बैठक काकांचीच राहिली.

परदेशात माझी फार वाहवा झाली आणि तीच मला भोवली. सर्वांत सुंदर म्हणून मला खिडकीसमोर टांगले. साठ वर्षांच्या उन्हाने हिरवा रंग विटला, दिव्यांच्या धुराने पांढरी फुले काळवंडली. अकरा भावंडे मात्र खणातल्या अंधारात टवटवीत राहिली. आता मीही त्यांच्यासोबत आहे.

मित्रांनो, आवडते चित्र उन्हात ठेवू नका. आणि एखादे काम चितारण्यापूर्वी ते करणाऱ्या हातांना विचारा. माझी पाने गेली, फुलेही गेली; पण आजींनी सांगितलेला तपकिरी रंग टिकला. काकांनी त्या दिवशी टोपल्यांत एकतीस बिया रंगवल्या होत्या. आज मोजल्या, तरी एकतीस.