माझ्या तोंडातली हळद

मित्रांनो, मी एक जुनी प्लाझ्माची कांडी आहे. नाव ऐकून दचकू नका; दाढेतली कीड मारणं एवढंच माझं काम. म्हणजे, होतं. आता काळेवाडीतल्या डॉक्टर योगिनींच्या दवाखान्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून असते.

मला घडवलं बुद्धरत्ननं; चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तो माझ्यावर राबायचा. माझ्या टोकाला त्यानं सुईच्या नाकाएवढं भोक ठेवलं. त्यातून वायू सुटला आणि वीज खेळली, की जांभळट ज्योत निघायची. बोट धरलं तरी भाजायचं नाही, पण किडीचे जंतू मरायचे. मग त्यानं मला डॉक्टरांना वापरायला दिलं. काय मान होता माझा तेव्हा!

त्या मानानंच घात केला बघा. दसऱ्याला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते. दवाखाना झाडणाऱ्या अंबूबाईंनी मला झेंडू वाहिला आणि ओल्या हळदीकुंकवाचं बोट नेमकं माझ्या टोकावर टेकवलं. हळद भोकात जाऊन वाळली. मी सांगणार कुणाला?

दुसऱ्याच दिवशी कारखान्यात काम करणारी कस्तुरा शिफ्ट बदलून लेकीला घेऊन आली. लहानग्या मिनलची पक्की दाढ किडली होती. डॉक्टरांनी कीड खरवडली, मग मला धरलं. ज्योत मिणमिणतीच निघाली. व्होल्टेज कमी असेल, असं म्हणून त्यांनी तेवढ्यावरच भागवलं आणि वर सिमेंट भरलं. आत जंतू जिवंत होते. मला कळत होतं, जीव नुसता तळमळत होता. मिनल मात्र जराही दुखलं नाही म्हणत हसत घरी गेली.

दिवाळी झाली आणि ती गाल टम्म सुजवून परत आली. दाढ काढावीच लागली.

"आता ही परत यायची न्हाई का, डॉक्टर?" कस्तुरानं विचारलं.

"नाही हो. ही एकदाच येते."

कस्तुरानं ती दाढ रुमालात बांधून घेतली आणि लेकीला कडेवर उचललं.

डॉक्टरांनी बुद्धरत्नला फोन करून सांगितलं, कांडी कुचकामी आहे. तो येऊन बघतो म्हणाला, पण त्यांचा विश्वास उडाला होता. त्यानंही मग नाद सोडला. माझ्या टोकाकडे आजवर कुणी वाकून पाहिलेलं नाही.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण त्याआधी आमचं तोंड साफ आहे का तेवढं बघा. मला आता आशा उरलेली नाही. अंबूबाई मात्र दर दसऱ्याला मला कप्प्यातून काढतात, पदरानं पुसतात आणि त्याच टोकाला पुन्हा हळदीकुंकू लावतात. मग हात जोडून म्हणतात, "लेकरांच्या दाढा सांभाळ गं बाई."