चाळिसावी प्रत

बायको गेल्याला तीन महिने झाले होते. पण ती गेली म्हणजे नक्की काय गेलं, ते बाइंडरला कळलं प्रार्थनागृहातून चाळीस पुस्तकं परत आली त्या दिवशी.

तिथल्या गाणाऱ्या मंडळींच्या प्रमुख बाई स्वतः गठ्ठे घेऊन आल्या आणि वरचं पुस्तक त्यांनी त्याच्या पुढ्यात आपटलं.

"काका, हे काय बांधलंय? सगळे उभे राहून पद म्हणतायत, पान उलटलं तर पुढे भलतंच! म्हाताऱ्यांना पाठ होतं, ते गेले पुढे. बाकीच्यांनी छापलंय तसं गायलं. नुसता गोंधळ!"

"पानांचे आकडे बघून लावलंय मी."

"अहो, तीन जुनी पुस्तकं एकत्र छापलीत. तेहेतीस नंबरचं पान तीनदा आहे यात!"

बाइंडरने कपाळावर हात मारला. पुस्तक ज्या घडीच्या जुड्यांतून शिवतात, त्या फर्म्यांवर छापखान्याने क्रमाची खूणच टाकली नव्हती. कधीच टाकत नसत. "पण आजवर असं झालं नाही," असं तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कारण कळलं.

आजवर फर्मे बायको लावायची. लावायची कसली, गायची. एका फर्म्याची शेवटची ओळ म्हणायची आणि त्याच सुरात पुढच्याची पहिली उचलायची. गाणं अडखळलं नाही की, "जुळलं. घ्या शिवायला." त्यात एखादी ओळ आवडली की कामाचा खेळखंडोबा. "अहो, ऐका ना काय लिहिलंय!" म्हणून तोंडभर हसायची, पुन्हा म्हणायची, तिसऱ्यांदा म्हणायची. इकडे खळ वाळून जायची. "हात चालव, तोंड नको," तो करवादायचा. तीस वर्षं करवादला.

"रविवारी हवीत," बाई म्हणाल्या. "एक प्रत नीट लावू, बाकीच्या तिच्यावरून लावा. बसते मी मदतीला. काकू गाऊन जुळवायच्या तसं म्हणा."

"मी? माझा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी."

"बिजागरीच हवीय. दोन पानं जोडायचीत."

टाके उसवून त्याने पहिला फर्मा हातात घेतला आणि चिडूनच सुरुवात केली. आवाज फाटका होता, पण चाल आली. दुसऱ्याची आली, पाचव्याचीही आली. नको नको म्हणताना सगळं आत जाऊन बसलं होतं. बाई हसून मान डोलवत होत्या, आणि त्याचा त्याला जास्तच राग येत होता.

शेवटून दुसऱ्या फर्म्यावर तो थांबला. हे पद तिचं सगळ्यात लाडकं. ते आलं की ती फार रेंगाळायची, म्हणून तो नेमका तेव्हा वैतागून चहाला बाहेर पडायचा.

"बाई, याची चाल तेवढी सांगा."

"याला चाल नाही काका. आम्ही हे नुसतं वाचतो."

"काहीतरीच! ती गायची की. रोज गायची."

"मग काकूंनीच लावली असेल."

"कुणी सांगितलं होतं हिला चाली लावायला?" तो एकदम ओरडला. "आणि लावली तर लावली, मला बसवून ऐकवायची ना एकदा! बाकी सगळं ऐकवलं कान किटेपर्यंत!"

बाईंनी त्या फर्म्याचं शेवटचं आणि पुढच्याचं पहिलं पान हळूच वाचून पाहिलं. "शब्द लागतायत. बरोबर आहे. शिवा."

"तुम्हाला लागतायत," तो म्हणाला आणि त्याने दाभण खाली ठेवलं.

रविवारी एकोणचाळीस पुस्तकं गेली. ती त्याने शब्दांवर विसंबून शिवली, आणि एकातही चूक निघाली नाही. बाईंनी दोनदा निरोप धाडला, एक प्रत कमी आहे म्हणून. ती त्याच्या टेबलावर आहे. शेवटचे दोन फर्मे अजून सुटेच आहेत.