पडद्यावरचं कुंकू

“बाबा, हा मेलेला डबा तुम्ही अजून का पुजता?”

हा प्रश्न विचारायची पैज अबोलीच्या मैत्रिणींनी लावली होती, आणि त्या पोरीने तो खंडेनवमीला, भर पूजेत विचारला. मित्रांनो, मेलेला डबा म्हणजे मी. माधवनगरातला एक जुना संगणक.

मेलेला म्हणे! अबोलीच्या आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या टायपिंग क्लासमध्ये मी आलो, तेव्हा मला बघायला अख्खी गल्ली लोटली होती. मुलं चपला बाहेर काढून आत यायची. माझ्यात चित्रं नाहीत, गाणी नाहीत. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं आणि लिहिण्यापुरता एक प्रोग्रॅम, बस्स. गावातली गिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या कामगारांची पोरं माझ्यावर बोटं चालवायला शिकली आणि कचेऱ्यांत चिकटली. शिराळ्याच्या लालासाहेबांनी नोकरीचा अर्ज माझ्यावर लिहिला. नोकरी लागली, पेढे तात्यांना मिळाले. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

दर खंडेनवमीला तात्या माझ्या पडद्याच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवायचे आणि ते कधी पुसू द्यायचे नाहीत. तात्या गेले, क्लास मिटला, कुंकू तेवढं राहिलं.

आणि आता बाबा हसून म्हणाले, “शेवटचीच पूजा गं ही. उद्या याच्या जागी तुझा लॅपटॉप येतोय. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.”

आज हळदकुंकू, उद्या भंगार. बोकडालाही असंच सजवतात.

वर पूजेला आलेली तिची मैत्रीण सोनम म्हणते, “मेलाय का जिता, सुरू करून दाखव की. लय बोलतीस.”

पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, म्हणून आई रागावली. अबोलीने बटण दाबलंच. मी घरघरलो, खोकलो, आणि पडद्यावर हिरवी काडी लुकलुकायला लागली. सोनमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अबोली इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायला लागली. कुंकवाकडे नजर गेली, म्हणून तात्यांबद्दल. मी पुढचा शब्द सुचवला नाही, चुकांखाली लाल रेघा ओढल्या नाहीत, मध्येच कुणाचा मेसेज आणला नाही. मैत्रिणी कंटाळून निघून गेल्या तरी ती लिहीतच होती. तेवढ्यात वीज गेली आणि सगळं पुसलं. सेव्ह करावं लागतं हे तिच्या गावीच नव्हतं. मोबाइलमध्ये म्हणे आपोआप राहतं. तिने माझ्याच डोक्यावर थापट मारली.

वीज आल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. पहिल्या खेपेचे तात्या नुसते प्रेमळ होते. आता ते दारात उभे राहून चपलांवरून दरडावतही होते. हे खरे तात्या. मी ओळखले.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना हार नका घालू हवं तर. पण ज्याच्या जिवावर तुमच्या घरातली चूल पेटली, त्याला मेलेला म्हणण्याआधी एकदा चालवून तरी बघाल की नाही?

दसऱ्याच्या सकाळी भंगारवाला कृष्णात दारात आला. बाबांनी माझी वायर गुंडाळायला घेतली. अबोलीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

“आई, बाबा, लॅपटॉप दहावी झाल्यावर घ्या. माझ्या टेबलावर हाच राहणार. आणि ते कुंकू कुणी पुसायचं नाही.”