माझा तळातला तारा

सकाळचे ऊन शाळेत येते तेव्हा तिथे कुणी नसते. आधी ते पटांगणातल्या नळाच्या तोटीवर थांबते. मग व्हरांड्याची पायरी चढते, फरशीवर पसरते आणि तिथून सावकाश, लाजऱ्या मुलासारखे, भिंतीला हात लावत वर येते. त्यात विशेष असे काही नसते. रोजचेच ऊन, रोजचीच धूळ, पारव्यांचे घुमणे. माझ्या फटीपाशी पोचले की त्याची एक बारीक पट्टी होते आणि माझ्या पोटातल्या पाकिटांवरून सरकू लागते. एका पाकिटावरचे निळे अक्षर उजळते, मग दुसऱ्यावरचे. त्याच वेळी माझ्या तळाच्या कोपऱ्यात उजेडाचा एक ठिपका उमटतो, मोहरीएवढा. तो कुठून येतो, याचा विचार मी करीत नसे. त्याला मी माझा तारा म्हणत असे.

मित्रांनो, मी एक जुना तांबडा टपालडबा आहे. कोल्हापुरातल्या एका शाळेत, सातवीच्या वर्गाबाहेर, खिळ्याला टांगलेला असतो. उद्यमनगरातल्या बापूसो मिस्त्रींनी पाण्याच्या टाकीच्या उरलेल्या पत्र्यातून मला घडवले. माझे सांधे जोडून झाल्यावर त्यांनी माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "पाणी भरून ठेवा, थेंब गळायचा न्हाय!" ते वाक्य मी आजवर छातीवरच्या बिल्ल्यासारखे मिरवले आहे.

माझे काम साधे नाही. या शाळेतली मुले शास्त्रज्ञांना पत्रे लिहितात. प्रत्येकाचा एकेक शास्त्रज्ञ ठरलेला असतो. कुणी ताऱ्यांचा अभ्यास करतो, कुणी भाताच्या वाणांचा, कुणी समुद्राच्या तळाचा. मुले आपापली पत्रे माझ्यात टाकतात, रूपाली मॅडम कुलूप काढून ती टपालात देतात आणि उत्तरे आली की माझ्यासमोर उभ्या राहून वाचून दाखवतात. किती दूरच्या वेधशाळा, किती बर्फाळ प्रदेश मी या खिळ्यावरून पाहिले! दर स्वातंत्र्यदिनाच्या आधी शिपाई पिराजीमामा मला तांबडा रंग देतात. जे समोर दिसते, तेवढ्याला.

यंदा मात्र एका मुलीला उत्तर येईना. तिचे नाव अवंतिका. तिच्या वाट्याला बंगळूरच्या डॉक्टर पद्मजा आल्या होत्या. त्या कीटकांचा अभ्यास करतात. अवंतिकाने दोन पत्रे पाठवली, सुवाच्य अक्षरात, 'आपणांस शास्त्रज्ञ व्हावेसे का वाटले?' असे विचारून. बाकीच्यांची उत्तरे येत राहिली. ती रोज मधल्या सुट्टीत येऊन माझ्या फटीत डोकावे. माझ्यातून पत्रे फक्त जातात, येत नाहीत, हे ठाऊक असूनही डोकावे. मला तिची ती नजर सोसत नसे.

"तुझ्या बाईंना मराठी येत नसंल," मोहित चिडवायचा.

"येतंय की! कोल्हापूरच्याच हायत त्या."

"मग तूच आवडत नसशील."

गणपतीच्या सुट्टीआधी तिने माझ्यात एक जाड पाकीट कोंबले. फटीतून जाईना, तरी कोंबले. आत काय असावे, ते मला वासावरूनच कळले. मामाच्या गुऱ्हाळातल्या गुळाचा खडा होता तो! पावण्यांकडे मोकळ्या हातांनी जायचे नाही, हे तिच्या आईचे, विजयमालाबाईंचे, रोजचे सांगणे. आपली पत्रे मोकळ्या हातांनी गेली, म्हणून तर उत्तर आले नाही, अशी तिची समजूत झाली होती.

सुट्टीभर हवा दमट होती. गूळ पाघळला, पाकिटामागून पाकिटे चिकटली, आणि मग मुंग्या आल्या. शाळा उघडली, मॅडमनी कुलूप काढले आणि दोन पावले मागे सरल्या.

पिराजीमामा वाकून बघत म्हणाले, "आगं पोरी, शास्त्रज्ञाला पत्र धाडलंस का परसाद?"

सगळा वर्ग हसला. सगळ्यांना पत्रे पुन्हा लिहावी लागणार होती, त्यामुळे हसण्यात रागही होता. अवंतिकाचा चेहरा माझ्या रंगाचा झाला. "मी आता लिहीतच न्हाय," एवढेच ती म्हणाली.

मॅडमनी तिला जवळ घेतले. "लिहू नकोस. पण जे झालं ते तरी कळव त्यांना. गूळ त्यांच्या नावाचा होता ना?"

तिने तिसरे पत्र लिहिले. अक्षर वाकडे होते, खाडाखोड होती. शेवटी तिने विचारले होते, 'कुलूप लावलेल्या डब्यात गूळ आहे, हे मुंग्यांना कुणी सांगितलं?'

या पत्राला उत्तर आले! मॅडमनी ते माझ्यासमोर उभ्या राहून वाचून दाखवले. 'अवंतिका, तुझ्या आधीच्या पत्रांना उत्तर द्यायचं राहिलं, माझं चुकलं. तो प्रश्न मला सगळेच विचारतात. हा मात्र तुझा आहे. गूळ मुंग्यांनी खाल्ला याचं मला फार वाईट वाटलं, कोल्हापूरचा होता. त्यांना कसं कळलं ते सांगते, पण आधी तू सांग. त्या आत कुठून शिरल्या? अंदाज नको. बघून लिही.'

"फटीतनं!" सगळे ओरडले. मीही मनातल्या मनात ओरडलो. दुसरीकडून येणार कुठून? बापूसो मिस्त्रींचा हात आहे हा!

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या बरोबरीने अवंतिका आली. पिराजीमामांकडून कुलूप काढून घेऊन तिने गुळाचा एक कण माझ्यात ठेवला, पुन्हा कुलूप लावले आणि समोर फरशीवर मांडी घालून बसली. बऱ्याच वेळाने मुंग्यांची एक ओळ भिंतीवरून वर आली.

"फटीतनंच जात्यात बघ," मामा झाडू टेकवून म्हणाले.

"न्हाय मामा. फटीपतूर जाईनातच की. डब्याच्या खालीच गायब व्हायल्यात."

"काय तरीच तुझं!" म्हणत मामांनी मला खिळ्यावरून काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटे केले. ऊन थेट माझ्या बुडावर पडले.

"आरं तिच्या!" मामा म्हणाले. "थांब, एम-सील लावतो."

"नको, नको! पत्र जाऊ दे, मग लावा. त्यांनी परत काय विचारलं तर?"

तिने माझ्या बुडाचे चित्र काढले, मुंग्यांच्या वाटेवर बाण दाखवले आणि ते पाकीट माझ्यातच टाकले. मित्रांनो, हजारो पत्रे मी वाहिली, पण माझ्याविषयीचे पत्र पहिल्यांदाच माझ्या पोटात होते. बंगळूरच्या प्रयोगशाळेत माझे चित्र पाहिले जाईल! मिस्त्रींच्या टिचकीनेही मी इतका ताठ झालो नव्हतो.

तुमच्याही व्हरांड्यात माझ्यासारखे कुणी टांगलेले असेल. त्याला जरूर रंगवा. पण रंगवण्याआधी एकदा उलटे करून पाहा. ते स्वतः सांगणार नाही. मी सांगितले नाही. रोज सकाळी तो ठिपका उजळे आणि रोज मी त्याला तारा म्हणे.

माझ्या बुडाला गंजून भोक पडले आहे.