पूल अजून पाण्यात आहे

आशाबाईंनी तिसरीही चादर नाकाशी नेली, हुंगली आणि दाराबाहेरच्या खुर्चीवर नेऊन टाकली.

"हिलाबी कुबट वास येतोय."

"आई, आठ दिवस झड लागलीय. वाळवणार कुठं ती माणसं?"

"मग लोकांना बोलावतात कामून?"

प्रेरणानं बॅग खाटेवर टाकली. तीन तास गाडी चालवून तिचे खांदे भरून आले होते. कन्नड मागे पडल्यावर मोठा रस्ता सुटला, मग डांबर सुटलं, आणि शेवटचे चार किलोमीटर तर रस्ता म्हणजे चिखलातल्या दोन चाकोऱ्या होत्या. तेवढा सगळा वेळ सासूबाई दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि दर वळणाला 'बघ हं' म्हणत होत्या. जणू प्रेरणा डोळे मिटून गाडी चालवत होती.

लॉज म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या, एक ओसरी आणि बाजूला स्वयंपाकाची झोपडी. मागच्या कड्यावरून धबधबा कोसळत होता. त्याचा आवाज इतका, की दोन वाक्यांतलं एक पुन्हा सांगावं लागे. लॉजचं सगळं एकहाती बघणारा पन्नाशीचा कडुबा चौथी चादर घेऊन आला.

"हे पाणी रात्री बंद करता का रे?" आशाबाईंनी कड्याकडे हात करून विचारलं.

"नाय मावशी," कडुबा गंभीरपणे म्हणाला. "ते चालूच ऱ्हातं."

प्रेरणा तोंड धुवायला म्हणून न्हाणीघरात गेली. बादलीत बेडूक होता. त्याच्याकडे बघत ती दोन मिनिटं तशीच उभी राहिली.

ही सगळी ऋतुराजची, तिच्या नवऱ्याची कल्पना. चिकलठाण्यातल्या कारखान्यात प्रेरणा पगारपत्रकं आणि माणसांच्या रजा सांभाळायची. इतरांच्या रजा मंजूर करता करता स्वतःची रजा घेऊन तिला तीन वर्षं झाली होती. ऋतुराजनं तिघांसाठी खोली घेतली. मग निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या ऑफिसात ऑडिट आलं.

"तुम्ही दोघी जा," तो बूट काढता काढता म्हणाला होता. "तसंही आईशी बोलायचंच आहे ना. निवांत बोलणं होईल."

खरं तर बोलायला हवं होतं त्यानं. वडील गेल्यापासून आई देवगाव रंगारीला एकटी राहते, दिवाळीनंतर घराला कुलूप लावून तिला कायमचं इकडे आणायचं, हे त्यानंच ठरवलं होतं. दोन खोल्यांचा फ्लॅट. त्यातल्या आतल्या खोलीत प्रेरणाचं टेबल होतं, एक खुर्ची होती आणि मुख्य म्हणजे त्या खोलीचं दार लावता येत होतं. ऋतुराजनं याबद्दल काही विचारलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही.

जेवणाच्या वेळी नवीनच लढाई जुंपली. आशाबाई पदर खोचून झोपडीत शिरल्या आणि कडुबानं त्यांना उंबऱ्यातच अडवलं.

"पाहुण्यांनी चुलीपाशी यायचं नाय, मावशी. मालकाचा नियम हाय."

"अरे, मी काय पाहुणी हाय? सरक, भाकरी मी थापते."

"मालक मला काढून टाकतील."

आशाबाई येऊन ओसरीत बसल्या. हातांना काम नव्हतं, म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. कडुबानं तव्यावरची फुगलेली भाकरी धावत आणून त्यांच्या ताटात टाकली. मग दुसरी, तितकीच गरम. "कडेला कच्ची हाय," त्या म्हणाल्या, आणि तिसरी मागितली.

शनिवारी सकाळी प्रेरणानं ठरवलं, धबधब्याजवळ नेऊन विषय काढायचा.

"तुझी तू जा," आशाबाई म्हणाल्या. "पाणी काय बघायचंय? दीड कोसावरून डोक्यावर आणलंय मी पाणी."

ती एकटीच गेली. वाटेत दोनदा घसरली. तुषारांनी चिंब झाली आणि खडकावर बसून तिनं ऋतुराजला मनातल्या मनात जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. परत आली तर खोली उघडी आणि सासूबाई गायब. हाका मारून घसा बसला; धबधब्यापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. मागच्या ओढ्याच्या काठी त्या सापडल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन, पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या.

"आई! सांगून तरी जायचं!"

"कुनाला सांगू? तू तर पाणी बघायला गेलती."

संध्याकाळी उजेड असतानाच प्रेरणाचा धीर सुटला. आशाबाई पत्र्याच्या गळतीखाली ठेवलेल्या पातेल्याची जागा पाचव्यांदा बदलत होत्या.

"आई, राहू द्या ते! बसा जरा. मला बोलायचंय." आणि मग जे नीट मांडायचं ठरवलं होतं, ते एका दमात बाहेर पडलं. "ऋतुराजला वाटतं, दिवाळीनंतर तुम्ही कायमचं आमच्याकडं यावं. देवगावचं घर बंद करून."

आशाबाईंनी पातेलं खाली ठेवलं.

"आणि तुला?"

पातेल्यात थेंब पडत होते. 'मलाही' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. कुठल्याही सुनेनं तो म्हटला असता. प्रेरणानं ओल्या ओढणीचं टोक पिळलं, सरळ केलं, पुन्हा पिळलं.

"मला माहीत नाही, आई."

"बरं," आशाबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी पातेलं बोटभर डावीकडे सरकवलं.

त्या रात्री पावसानं कहर केला. रविवारी सकाळी कडुबा गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आला. "ताई, नाला चढलाय. फरशी पूल पाण्याखाली गेला. आज काय गाडी जात नाय."

"उद्या मला कामावर जायचंय!"

"मग नाल्याला सांगा," कडुबा निरागसपणे म्हणाला.

फोनला रेंज फक्त टेकाडावरच्या काळ्या खडकावर मिळायची. प्रेरणा दिवसभरात चार वेळा तिथं चढली. साहेबांना कळवलं, ऋतुराजला कळवलं. तो म्हणाला, "मग काय, मजा आहे की! बोललीस का आईशी?" तिनं फोन कट केला आणि रेंज गेली असं त्याला वाटू दिलं. खोलीत सासू-सून समोरासमोर बसून राहिल्या. आशाबाईंनी तिची ओली सलवार दोनदा उलटीपालटी करून वाळत घातली, तेही प्रेरणाला टोमण्यासारखं वाटलं.

सोमवारी उजाडताना पाऊस थांबला होता. आशाबाईंची खाट रिकामी होती. कडुबा ओसरी झाडत होता.

"पूल मोकळा झाला, ताई. आत्ताच दूधवाला येऊन गेला. मावशीलाबी सांगितलं. त्या फोन करायला खडकावर गेल्यात."

सुटलो एकदाचे! प्रेरणानं दहा मिनिटांत दोघींच्या बॅगा भरल्या. आता निघालं तर दुपारपर्यंत कामावरसुद्धा पोचता आलं असतं. सासूबाईंना बोलवायला ती टेकाड चढू लागली. करवंदीच्या जाळीपर्यंत आली, तेव्हा खडकावरून त्यांचा आवाज आला. धबधब्यावर मात करायची म्हणून त्या ओरडूनच बोलत होत्या.

"नाय रे बाबा, कुठलं निघतोय! पूल अजून पाण्यात हाय. कडुबा म्हणतो, दोन दिस तरी लागतीन."

प्रेरणा जागीच थांबली.

"तिला कशाला देऊ? झोपलीय ती. अरे, रोज पहाटं पाचला उठती, झोपू दे की जरा... व्हय. बोलली. लई नीट बोलली. कितीदा म्हणाली, आई या, आई या. मीच नाय म्हणाले... मीच, म्हणते ना! मला नाय करमत तुमच्या त्या बंद दारात. तिला याच्यावरून एक शब्द बोलायचा नाय, सांगून ठेवते."

प्रेरणाचे कान तापले. कितीदा म्हणाली! एकदासुद्धा म्हटलं नव्हतं. ज्या चांगुलपणाची तिला फुरसत झाली नव्हती, तो सगळा त्या बाईनं परस्पर तिच्या नावावर करून टाकला होता. पुढं होऊन सांगावं, की असलं काही करू नका माझ्यासाठी. तिनं एक पाऊल टाकलंही. खडकावर आशाबाईंनी फोन बंद करून कमरेला खोचला होता आणि त्या कोसळत्या पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या. पदर वाऱ्यावर सुटला होता. तो सावरायची त्यांना घाई नव्हती.

प्रेरणा आल्या पावली मागे वळली. घसरत, करवंदीचे काटे लावून घेत ती खाली उतरली. भरलेल्या दोन्ही बॅगा तिनं खाटेखाली ढकलल्या, चपला सरळ काढून ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

थोड्या वेळानं ओसरीत पावलं वाजली.

"मावशी, गाडीची काच पुसून ठेवली," कडुबाचा आवाज आला. "कवा निघायचं म्हणता?"

"हळू बोल की, मेल्या. पोरगी झोपलीय." मग जरा थांबून, तेवढ्याच दबक्या आवाजात, "आणि चहात आज पत्ती घाल जरा. काल नुसतं गरम पाणी पाजलंस."