कुरवाची रावसाहेबी

थंडीत अकोल्याहून मोठे गोरे साहेब आमच्या गावी येणार, अशी वर्दी आली. त्यांना देऊळ पाहायचे नव्हते, शाळाही नाही. पाहायचा होता गावाबाहेरचा उकिरडा. समुद्रकाठचा एक कुरव पक्षी म्हणे वाट चुकून तिथे उतरला होता, आणि साहेबांना पाखरांचे भारी वेड.

म्युनिसिपालटीचे अध्यक्ष शेषराव रावसाहेबीसाठी कधीपासून तळमळत होते. माणूस भला, कीर्तनाच्या समईला तेल त्यांचेच. एकादशीला बुवांनी निरूपणात सांगितले, की देव यायचा तर आधी अंगण झाडावे. बुवा मनाच्या अंगणाविषयी बोलत होते. शेषरावांनी मात्र नुसते झाडणे तेवढे मनावर घेतले.

उकिरडा खरवडून निघाला. वर मुरूम पडला, पताका लागल्या.

"मालक, एवढा कचरा टाकू कुठी?" गाडीवान कुर्बानने विचारले.

"माह्या बंगल्यामागं टाक. सायेब तिकडं काहून जाते? ते गेले की उचलू."

शेषरावांच्या पत्नी मनकर्णाबाई खवळल्या. "अवो, गावाची घाण माह्या खिडकीखाली?"

"जराशी कळ काढ. रावसायबीण होशीन!"

साहेब आले. दुर्बीण लावली. मुरमावर कावळासुद्धा नव्हता.

"पक्षी किधर है?"

"हुजूर, सारे हाकलले!" शेषराव अभिमानाने म्हणाले. "घाण करनारं एक पाखरू ठेवलं नाई!"

साहेब लालबुंद झाले. शेषरावांनी हातातला हार पाठीमागे लपवला. तेवढ्यात बंगल्याच्या माथ्यावर पांढरे पंख फिरताना दिसले, आणि साहेब धावत सुटले. मागे शेषराव, त्यांच्यामागे आम्ही.

खिडकीखालच्या ढिगावर कुरव शिळी वांगी टोचत बसला होता. साहेब त्या घाणीत पालथे पडून त्याला न्याहाळत राहिले. उठले तेव्हा चेहरा अगदी कीर्तन रंगल्यावर आमचा होतो तसा.

"शेषराव, तुमने इसको अपने घर में जगह दिया! ये कचरा कभी हटाना नहीं. और डालो!"

शेषरावांनी खिडकीकडे पाहिले, मग साहेबांकडे.

"जी हुजूर," ते म्हणाले.

उन्हाळ्यात किताब आला. आम्ही उपरण्याने नाक झाकून अभिनंदनाला गेलो. शेषरावांच्या डोळ्यांत पाणी होते. ते आनंदाचेच असावे, असे मी धरून चाललो. आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला,

"रावसायेब, कुर्बानची गाडी आली. खिडकी लावा!"